रेकॉर्ड खराब नाहीये!

प्रश्न : मामाच्या कपाटात बीटल्सची ‘ॲबी रोड’ची जुनी एलपी मिळाली. प्लेअर दुरुस्त करून लावली तर पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं मधेच तुटतं. रेकॉर्ड गेली का हो?

उत्तर : अजिबात नाही, ते तसंच आहे! १९६९चा अल्बम हा, त्यातलं हे गाणं, ‘आय वॉन्ट यू’, जवळजवळ पावणेआठ मिनिटं चालतं, शेवटी तीच गिटार फिरत राहते, वाऱ्यासारखा आवाज चढत जातो आणि बीटल्समधल्या जॉन लेननने टेप तिथेच कापायला लावली, म्हणून एकदम शांतता. मोबाईलवर पुढचं गाणं लगेच लागतं, ती शांतता मिळतच नाही. इथे तुम्ही उठता, रेकॉर्ड उलटता, सुई ठेवता, थोडी खरखर आणि मग त्यांच्यातल्याच जॉर्ज हॅरिसनचं ‘हिअर कम्स द सन’, कोवळं ऊन पडल्यासारखं. माझ्या मते हा अल्बम असाच ऐकावा.

फक्त जुनी सुई आधी बदला, झिजलेली सुई खाचा खराब करते. आणि मधल्या लेबलजवळ आवाज जरा फाटला तर घाबरू नका, तिथे फेरा लहान होतो पण फिरण्याचा वेग तोच, त्यामुळे तेवढ्याच वेळाचं संगीत कमी जागेत कोंबलेलं असतं.