राखेवरून बॉम्ब कसला होता ते कळतं कसं?

प्रश्न: मागे तुमच्या सदरात न्यूक्लियर फॉरेन्सिक्सचा, म्हणजे अणुस्फोटाच्या अवशेषांवरून बॉम्बचा छडा लावण्याच्या शास्त्राचा, ओझरता उल्लेख होता. अणुस्फोटात तर सगळंच जळून जातं, मग नुसत्या राखेवरून काय कळणार? आणि त्यासाठी लॅबमध्ये न्यूट्रॉन मारून रिअॅक्शन मोजत बसतात म्हणे, ते कशाला? – एक वाचक, मिरज

उत्तर: जळतं खरं, पण अणू जातील कुठे? आगीने केंद्रकाला काही होत नाही, न्यूट्रॉन मात्र केंद्रकच बदलून टाकतात आणि तो बदल राखेत शिल्लक राहतो.

१ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर १५ मेगाटनची कॅसल ब्राव्हो टेस्ट केली तेव्हा दाइगो फुकुर्यू मारू ही जपानी मासेमारी बोट स्फोटाच्या पांढऱ्या राखेत अडकली, बोटीवर २३ जण. १४ तारखेला बोट याइझू बंदरात आली, टोकियोत केन्जिरो किमुरा या रसायनशास्त्रज्ञांनी राख तपासली तर त्यात युरेनियम-२३७, युरेनियमचाच एक किरणोत्सारी प्रकार! हे निम्मं व्हायला पावणेसात दिवस लागतात, म्हणजे बोट धक्क्याला लागेपर्यंत पाऊण हिस्सा संपलेलासुद्धा. गंमत बघा असं लिहिणार होतो पण त्यातला एक खलाशी सप्टेंबरात गेला, तर गंमत राहू दे.

मुद्दा असा की साध्या युरेनियम-२३८वर जोरदार न्यूट्रॉन आदळला तर कधीकधी एक आत जातो आणि दोन बाहेर पडतात, उरतं २३७. पण न्यूट्रॉनला साधारण ६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर ऊर्जा लागते, विखंडनातल्या (केंद्रक फुटण्यातल्या) बहुतेक न्यूट्रॉनांकडे ती नसते, हायड्रोजनच्या फ्यूजनमधून (केंद्रकं जुळण्यातून) मात्र १४वाले निघतात. म्हणजे भरपूर २३७ सापडलं की समजायचं, आत फ्यूजन झालंय आणि जवळ ढीगभर युरेनियमही होतं. किमुरांना हे ओळखता आलं कारण १९४०मध्ये योशिओ निशिना या भौतिकशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी स्वतःच सायक्लोट्रॉनच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) न्यूट्रॉनांनी हेच २३७ बनवून बघितलं होतं.

आता मोजायचं का, तर २३७ किती सापडलं यावरून न्यूट्रॉन किती होते हे काढायला ती रिअॅक्शन किती सहज होते तो आकडा लागतो, त्याला क्रॉस सेक्शन म्हणतात, एकक बार्न. त्यात १० टक्के घोळ असेल तर उत्तरातही तेवढाच. मोजताना नमुन्याला सोन्याचा पातळ पत्रा चिकटवून दोन्ही एकदमच न्यूट्रॉनसमोर ठेवतात, कारण सोन्याचा आकडा नीट माहितीये. मग पत्रा जर्मेनियम डिटेक्टरसमोर ठेवायचा, न्यूट्रॉन गिळून बनलेल्या सोनं-१९८ची ४१२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची गॅमा रेषा मोजायची, त्यावरून किती न्यूट्रॉन पडले ते कळतं आणि त्या हिशोबाने नमुन्याचा आकडा काढायचा.

खरी पंचाईत पुढे आहे. स्फोटात जे नवीन अणू बनतात तेच लगेच दुसरा न्यूट्रॉन गिळतात, आणि असले अणू लॅबमध्ये जेमतेम मिळतात, वर स्वतःच किरण फेकत असतात. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत यासाठी डान्स नावाचा डिटेक्टर आहे, बेरियम फ्लोराइडचे १६० स्फटिक नमुन्याभोवती चेंडूसारखे रचलेले, आणि मधोमध ठेवलेला नमुना जेमतेम मिलिग्रॅमभर.