पॅक-१२ या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या गटातून (कॉन्फरन्समधून) दहा विद्यापीठं निघून गेली, मग उरलेल्या दोघांचं काय झालं?

हाल झाले, पण घराच्या किल्ल्या त्यांच्याच हाती राहिल्या.

टीव्हीच्या पैशामागे आधी २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी 'बिग टेन' या दुसऱ्या कॉन्फरन्सला जायचं जाहीर केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात बाकीचेही फुटले. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) तर पॅसिफिकच्या काठावर बसून 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये शिरले. भूगोल गेला चुलीत! १९१५ पासूनच्या या कुटुंबात उरले दोनच: कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही गावं लहान, टीव्हीच्या बाजारात किंमत कमी.

दोघं कोर्टात गेले. जाणाऱ्यांना मंडळात मत नको, एवढंच म्हणणं. ते मान्य झालं आणि कॉन्फरन्सचं नाव व कारभार या दोघांकडे आला. सामने मात्र उसने घ्यावे लागले: अमेरिकन फुटबॉलसाठी 'माउंटन वेस्ट' कॉन्फरन्सशी करार, बास्केटबॉलला 'वेस्ट कोस्ट' कॉन्फरन्सचा आसरा.

खरा फटका माणसांचा. ओरेगन स्टेटचा कोच जोनाथन स्मिथ, तिथलाच जुना क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू), २०२३ च्या अखेरीस मिशिगन स्टेटला गेला. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामी विद्यापीठाला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) पहिला निवडला गेला. पुलमनकरांनी तो टीव्हीवर पाहिला.

गंमत पुढे आहे. २०२४ मध्ये याच दोघांनी माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे पाच संघ २०२६ साठी फोडले. म्हणजे आता मागे राहिल्याचं रडगाणं तिकडे.