क्रॅकर्स दुसऱ्या दिवशी मऊ का पडतात?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मुलगा पुण्याहून येताना गौडा आणि शेळीच्या दुधाचं चीज आणतो. त्यासोबत खायला मी घरीच खारे क्रॅकर्स करते. मैद्यात ओवा, जिरं, मिरपूड, मीठ आणि चिमूटभर सोडा घालते, २०० अंशांवर दहा मिनिटं भाजते. पण ते पुरीसारखे फुगतात, कडा लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडतात. शिवाय मुलगा म्हणतो, चीजची चवच कळत नाही. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कडा लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. २०० अंशांवर कडा पटकन वाळून लाल होतात, पण मधला भाग आतून ओलाच असतो. रात्रभर बंद डब्यात तो ओलावा कडांपर्यंत पसरतो आणि सकाळी अख्खा क्रॅकर मऊ झालेला असतो. तुमच्याकडची दमट हवा त्यात भर घालते, हे खरं. पण मधला भाग नीट वाळला असेल आणि डबा घट्ट असेल, तर कोकणातसुद्धा क्रॅकर्स आठवडाभर कुरकुरीत राहतात. तेव्हा आच कमी ठेवा आणि वेळ वाढवा.

सोडा बंद करा. सोड्यानं रंग लवकर चढतो, म्हणून आत कच्चे असतानाच ते झालेसे वाटतात. चीजसोबतच्या क्रॅकरला फुगायची गरजही नाही.

१०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कणीक, अर्धा लहान चमचा मीठ आणि ३० मिली तेल घ्या. तेल पिठाला चांगलं चोळा, मूठ वळली की मोहन बरोबर झालं. मग ६० ते ७० मिली पाणी, तेही सगळं एकदम न ओतता, लागेल तसं घालून पुरीच्या कणकेइतकं घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ही अर्ध्या तासाची विश्रांती टाळू नका. न मुरलेलं पीठ लाटलं की मागे ओढलं जातं, मग एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असा क्रॅकर होतो आणि तो कधीच सारखा भाजला जात नाही.

बटर पेपरवरच लाटा, म्हणजे उचलताना आकार बिघडत नाही. जाडी दीड ते दोन मिलिमीटर, सगळीकडे सारखी. शंकरपाळ्यांच्या कातण्यानं चौकोन पाडा आणि काट्यानं दर सेंटीमीटरभर अंतरावर आरपार टोचा. नुसतं वरवर टोचून उपयोग नाही, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली तरच फुगणं थांबतं.

ओव्हन आधी तापवून १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा, मध्ये एकदा ट्रे फिरवा. बाहेरच्या रांगेतले आधी होतात, ते काढून घ्या. मग आच ११० वर आणून सगळे पुन्हा पंधरा मिनिटं आत ठेवा. माझ्या मते कुरकुरीतपणा या शेवटच्या पंधरा मिनिटांतच येतो. एक क्रॅकर गार करून मधोमध मोडून पाहा. कट्‌कन मोडला तर झाला, वाकला तर अजून वेळ हवा. जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. पावसाळ्यात खायच्या आधी १५० अंशांवर पाच मिनिटं गरम करून गार केले, की पुन्हा ताजे लागतात.

आता चवीचं. मुलगा म्हणतो ते मला पटतं. ओवा, जिरं आणि मिरपूड एकत्र आल्यावर कुठलंच चीज जिभेला कळणार नाही. इंग्लंडमध्ये चीजबरोबर वॉटर बिस्किट देतात, त्यात पीठ, पाणी, मीठ आणि थोडी चरबी एवढंच असतं. तिथं मान चीजचा असतो आणि तो तसाच राहायला हवा. म्हणून एका ट्रेला एकच मसाला घाला, तोही बेतानं. गौडासाठी जिरं घ्या. नेदरलँड्समध्ये लायडनच्या चीजमध्ये जिरंच घालतात, त्यामुळे ही जोडी अगदी पारखलेली आहे. शेळीच्या चीजसाठी ओवा चालेल, कारण युरोपात त्यावर थाइम नावाचा सुगंधी पाला घालतात आणि त्यातलं थायमॉल हे वासाचं द्रव्य ओव्यातही असतं. मात्र १५० ग्रॅम पिठाला पाव लहान चमच्याहून जास्त नको, तोही न चुरडता. डब्यातलं प्रोसेस्ड चीज असेल तर क्रॅकरचं मीठ निम्मं करा, ते चीज मुळातच खारट असतं.

चीज फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा, गार चीजला वास नसतो. आणि क्रॅकरवर चीज लावून ताट तयार ठेवू नका. दोन्ही शेजारी ठेवा, ज्यानं त्यानं आपलं आपण लावून घ्यावं.

प्रश्न : ज्वारीचे क्रॅकर्स लाटतानाच फाटतात. मैदा घालायचा नाही. काही उपाय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाकरीच्या पिठाला तुम्ही उकळतं पाणी घालता, तेच इथेही करा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यानं तिच्यातला स्टार्च फुलतो आणि पीठ धरून राहतं. १५० ग्रॅम पिठात दोन चमचे जवसाची पूड घातली, तर लाटणं आणखी सोपं जाईल, कारण भिजलेलं जवस बुळबुळीत होऊन पिठाला बांधतं. वर प्लास्टिकचा कागद ठेवून लाटा आणि पीठ झाकून ठेवा, वाळलं की कडा चिरतात. हे क्रॅकर्स जरा जाड, तीन मिलिमीटरचे करा आणि भाजायला पाच मिनिटं जास्त द्या. वर कारळे भुरभुरले तर चेडारसोबत फार छान लागतात.