सशाच्या दाढा वाढल्यात, खात नाहीये, डॉक्टर भूल देऊन घासू म्हणतात. करावं का?

करा ताई, लांबवू नका. सशाचे 28 च्या 28 दात जन्मभर वाढत राहतात, दाढांना टोकं आली की जीभ अन् गाल सोलवटतात. आमच्या ढवळ्या सशाचं असंच झालतं, हनुवटी सारखी ओली, गवताची काडी तोंडात घ्यायचा अन् तशीच खाली पडायची, बघवत नव्हतं. नेलकटरनं घरी दात कापू नका, दात उभा चिरतो. कुणी भूल द्यायच्या आधी रात्रभर उपाशी ठेवा म्हणलं तर परत विचारा, सशाला उलटी होतच नाही अन् पोट रिकामं राहिलं की आतडं थंडावतं, तेच जास्त धोक्याचं. जवळ सशाचा अनुभव असलेला डॉक्टर नसला तर परभणी नाहीतर उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात चौकशी करा.

घरी आणल्यावर उबेत ठेवा, वेदनेची गोळी-औषध डॉक्टरांनी दिलं तेवढंच, माणसाचं अजिबात नाही. पेलेट (सशाच्या खाद्याच्या गोळ्या) भिजवून पातळ करायचे अन् बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं थोडं, घाई केली तर ठसका लागतो. लेंड्यांवर लक्ष ठेवा हं, 12 तासांत एकही नाही पडली तर रात्र असली तरी डॉक्टरला फोन लावा. पुढं वाळलेलं गवत, हरळी भरपूर, बिस्किटं बंद, अन् दाढा परत वाढतात म्हणून तोंड तपासत राहावं लागतं.