अमेरिकेत प्रेअरी डॉगची शिकार करायला कोणती रायफल आणि काय साहित्य लागतं?

नावात कुत्रा असला तरी ही बिळात राहणारी, किलोभर वजनाची खारच. साउथ डकोटा, वायोमिंगच्या उघड्या माळावर ती बिळाच्या तोंडाशी उभी राहते. नेम बहुधा १०० ते ३०० यार्डांवरून. त्यासाठी .२२३ रेमिंग्टन काडतुसाची रायफल आणि ४०–५५ ग्रेनची (सुमारे अडीच ते साडेतीन ग्रॅम) हलकी गोळी पुरते. जवळून मारायचं तर त्याहून लहान .१७ एचएमआर काडतुसाची रायफल. सोबत दुर्बीण, अंतर मोजायला रेंजफाइंडर, रायफल टेकायला बायपॉड (दोन पायांचा आधार) किंवा घडीचं टेबल.

खरी गोची वाऱ्याची. आडवा वारा हलकी गोळी सहज ढकलतो, म्हणून गवत कुठे झुकतंय ते बघत राहा. नळी तापली की नेम भरकटतो; मुरलेले शिकारी दोन रायफली आळीपाळीने वापरतात.

मेलेल्याला हात लावू नका, पिसवांतून प्लेग होऊ शकतो. आणि युटा प्रेअरी डॉग ही जात संरक्षित आहे! राज्याचा परवाना, नियम आधी बघा.