हायस्कूलचं वेळापत्रक पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. पाचवी ते दहावी, दोन-दोन तुकड्या, मुख्याध्यापक सोडून 18 शिक्षक. सुरुवात कुठून करू?

आधी बेरीज करा. सोमवार ते शुक्रवार आठ तास आणि शनिवारी सकाळचे पाच, म्हणजे आठवड्याला 45. बारा तुकड्यांचे 540 झाले. मुख्याध्यापकांनी सहा घेतले तर 534 उरतात, म्हणजे माणशी जवळपास 30. विषयाला किती तास द्यायचे ते यंदाच्या परिपत्रकातूनच घ्या. मागच्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून नक्कल करू नका, त्यातल्या चुकाही सोबत येतात.

मोठ्या चार्टपेपरवर शिक्षकांच्या 18 आडव्या ओळी आणि 45 उभे रकाने आखा. वर्गांचा तक्ता वेगळा करा. शिसपेन्सिलच वापरा. एका तक्त्यात भरलेला तास त्याच क्षणी दुसऱ्यातही भरायचा, 'नंतर एकदम उतरवू' म्हटलं की घोळ झालाच. नावांना अंक द्या. आद्याक्षरं लिहाल तर शाळेत दोन पाटील असतातच.

सगळ्यात आधी गणित-इंग्रजी बसवायचा मोह होतो, तो टाळा. जे हलत नाही ते आधी बसवायचं. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधन घेणारे, कुणी दुसऱ्या गावाहून ठरावीक दिवशी येत असतील तर त्यांचे दिवस आधी. मग हिंदी-संस्कृत. आठवी ते दहावीत मुलं विषयावर विभागली जातात, अ आणि ब दोन्ही तुकड्या एकाच वेळी फुटतात, संस्कृतची एका खोलीत आणि हिंदीची दुसऱ्या. पाच-पाच तास धरले तर तीन इयत्तांचे 15 रकाने इथेच अडकतात. संस्कृतला शिक्षक एकच असेल तर दोन इयत्ता एका रकान्यात येणार नाहीत. ही जोडी पहिल्या तासाला कधीच ठेवू नका, वर्गशिक्षकांसमोर निम्मा वर्ग दुसऱ्याच तुकडीचा बसतो आणि हजेरी लागत नाही.

त्यानंतर प्रयोगशाळा. नववी-दहावीच्या चार तुकड्यांना आठवड्यातून एकेक जोडतास, म्हणजे सलग दोन तास, हवा. छोटी सुट्टी दुसऱ्या तासानंतर आणि मधली सुट्टी चौथ्यानंतर असेल तर तिसरा-चौथा किंवा सहावा-सातवा घ्या. चौथा-पाचवा घेतला तर प्रयोग अर्धा मांडलेला असतानाच मुलं डबे खायला जातात. एकाच दिवशी दोन तुकड्या लागोपाठ लावू नका, परीक्षानळ्या धुवून पुन्हा मांडायला परिचराला निदान एक तास मोकळा लागतो.

खरी मेख पहिल्या तासात आहे. हजेरीसाठी तो वर्गशिक्षकाचा, म्हणून ज्याचे त्या तुकडीवर निदान सहा तास आहेत त्यालाच वर्गशिक्षक करा. चित्रकलेच्या सरांचे एका तुकडीवर आठवड्याला दोनच तास असतात, मग उरलेले चार दिवस हजेरी कोण घेणार? आता पुढचं पाहा. बारा वर्गशिक्षक वर्गात गेले की उरलेले सहाजण रोज पहिल्या तासाला मोकळे. 45 तून 30 गेले की त्यांचे आठवड्याचे 15 ऑफ, म्हणजे मोकळे तास, त्यांतले सहा इथेच संपले. राहिले नऊ, म्हणजे दिवसाला दोनसुद्धा नाहीत. शिवाय एसटी चुकली म्हणून कुणी उशिरा आलं तर पहिल्या तासाची बदली, म्हणजे त्याच्या वर्गावर जाणं, वर्षभर याच सहा जणांच्या गळ्यात. शिक्षक-खोलीतली निम्मी कुरबुर इथली असते. उपाय सोपा आहे. शनिवारी पहिल्या तासाला सगळ्या शाळेची सामूहिक कवायत ठेवा, हजेरी तिथेच मैदानावर घ्या. आणि पहिल्या तासाची बदली बदली-वहीत वेगळ्या रकान्यात मांडा, म्हणजे दुपारची बदली त्या माणसाला त्या दिवशी लागणार नाही.

'प्रत्येक तासाला पुरेसे लोक ऑफ ठेवा' असा सल्ला मिळेल. त्यात ठेवायचं काही नसतं. बारा तुकड्या म्हणजे कुठल्याही तासाला बाराजण वर्गात आणि सहाजण मोकळे असणारच. बघायचं ते मोकळं कोण आहे हे. सहाही जण पाचवी-सहावीचे असतील तर दहावीच्या गणिताची बदली म्हणजे नुसती राखण. म्हणून प्रत्येक रकान्यात गणित-विज्ञानाचा निदान एक आणि भाषेचा एक ऑफ पडतोय का ते बोट ठेवून तपासा. बदली देताना त्याच वर्गाला शिकवणारा आधी शोधा. तो आपला विषय घेतो, आणि गैरहजर माणूस परतल्यावर त्याला आपला तास परत देतो.

आठव्या तासाला एकच विषय दोनदापेक्षा जास्त येऊ देऊ नका. बाहेरगावची मुलं बस गाठायला उठतात, आठवडी बाजाराच्या दिवशी तर वर्ग निम्मा रिकामा असतो. शेवटचा तास नेहमी भूगोलाचा असेल तर भूगोल बुडाला म्हणून समजा. त्या दिवशी आठव्याला खेळ किंवा कार्यानुभव चालेल. सलग चारपेक्षा जास्त तास कुणालाही नकोत, पाचव्याला आवाज बसतो.

भिंतीवरच्या प्रतीत नुसतं 'गणित' लिहू नका, बीजगणित की भूमिती ते लिहा, नाहीतर मुलं रोज दोन्ही वह्या वाहतात. विज्ञान भाग 1 आणि 2 चंही तेच.

शेवटी उभी तपासणी. वर्गांच्या तक्त्यातल्या प्रत्येक रकान्यात एक अंक दोनदा आलाय का ते पाहा, आणि हे काम दुसऱ्याकडून करून घ्या, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. पहिले दोन आठवडे कच्चंच चालवा. पक्कं झालं की एक प्रत घंटेजवळ लावा, शनिवारच्या वेळा त्यावर लाल शाईने. शिपाई रजेवर असला की घंटा कुणीतरी भलताच देतो, आणि शनिवारीही रोजच्याच 35 मिनिटांच्या हिशोबाने देतो.