बाबांचे कपडे आई धूत असे

प्रश्न : माझ्या आईचं वय ७६. मागच्या पावसाळ्यात तिला धाप लागू लागली. उजव्या छातीतून दीड लिटर पाणी काढलं, टीबी समजून गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांत पाणी पुन्हा भरलं. मग दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला आणि रिपोर्ट आला, मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं, ‘ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का?’ आई आयुष्यात कधी कारखान्यात गेली नाही. तंबाखूला शिवली नाही. बाबा मात्र १९७१ पासून संप होईपर्यंत लालबागच्या एका मिलमध्ये बॉयलर खात्यात होते, वाफेच्या पाइपांना दोरी गुंडाळायचं काम करत. ते २००४ साली हार्टने गेले, छातीची तक्रार कधीच नव्हती. मग हे आईला कसं? आणि तसं असेल, तर तिला सांगायचं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. ती दोरी ॲस्बेस्टॉसची असणार. त्या काळी वाफेच्या पाइपांवर ती गुंडाळत आणि वरून त्याचीच भुकटी पाण्यात कालवून लिंपत. सगळ्यांत जास्त धूळ उडायची ती जुनं, कोरडं लिंपण खरवडून काढताना. ती केसांत, कपड्यांत घेऊन माणसं चाळीत परतत. आई कपडे भिजवण्याआधी गॅलरीत झटकत असे का, एवढं आठवून बघा.

१९६५ साली लंडनमध्ये म्युरियल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी तिथल्या एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या जुन्या रुग्णांचा माग काढला. रुग्ण काय काम करायचा, राहायचा कुठे आणि घरातलं कोण काय काम करायचं, असं सगळं त्यांनी विचारलं. काही रुग्णांनी स्वतः ॲस्बेस्टॉसला कधी हात लावला नव्हता, त्यांच्या घरातलं माणूस ते काम करत होतं. त्यांत वारंवार पुढे आलेली गोष्ट एकच होती : नवऱ्याचे कामाचे कपडे धुणारी बायको. त्याआधी १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांची नोंद छापली होती. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातली ही माणसं. सगळीच खाणकामगार नव्हती, कित्येकांचं फक्त लहानपण त्या खाणींच्या आसपास गेलं होतं. म्हणजे तुमची आई गॅलरीत कपडे झटकत होती, तेव्हा हे छापून वर्षं लोटली होती. लालबागच्या चाळीत ते कुणी येऊन सांगितलं नाही.

ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण तंतूंचा. त्याचा तंतू उभा चिरत जातो, बारीक बारीक होत जातो, डोळ्याला दिसेनासा होतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. आपल्या शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला बघतात, पण लांब तंतू त्यांच्या आवाक्यात मावत नाही. काही तंतू फुप्फुसाबाहेरच्या पातळ आवरणापर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात. वर्षानुवर्षं त्या जागी दाह होत राहतो, पेशींमधल्या जनुकांना इजा होत राहते. या आवरणाच्या अस्तराला मेसोथेलियम म्हणतात, म्हणून हा मेसोथेलिओमा. पहिल्या धुळीपासून आजार दिसेपर्यंत बहुधा वीस ते पन्नास वर्षं जातात. १९७१ पासून मोजून बघा. आणि हो, तंबाखूचा इथे संबंध नाही. विडी-सिगारेट आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो, पण मेसोथेलिओमा सिगारेटमुळे होत नाही. बाबांना तो का झाला नाही, याला मात्र नेमकं कारण देता येत नाही. तीच धूळ खाल्लेल्या सगळ्यांना हा आजार होत नाही.

टीबीच्या गोळ्यांबद्दल राग धरू नका. आपल्याकडे छातीत पाणी झालं की पहिला संशय टीबीचा, आणि बऱ्याचदा तो खरा असतो. नुसतं पाणी तपासून मेसोथेलिओमा पुष्कळदा सापडत नाही, तुकडाच लागतो. माझ्या हातून १९९१ मध्ये हेच झालं. गिरणगावातले एक गृहस्थ, छातीत पाणी, मी नऊ महिने टीबीचा उपचार दिला. केस पेपरवर माझ्या हाताने लिहिलं होतं, ‘मिल कामगार’. एवढंच. कुठलं खातं, ते विचारलंच नाही. साचेखात्यातला माणूस वेगळी धूळ खातो, पिंजणखात्यातला वेगळी, बॉयलरवरचा तिसरीच. त्यांच्या बायकोने नंतर दुसऱ्या रुग्णालयाचे कागद आणून दाखवले, तेव्हा ते गेलेले होते. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येकाला खातं विचारलं. घरात आणखी कोण काय काम करायचं, हेही. तुमच्या डॉक्टरांना ही सगळी हकिगत, सालांसकट, लिहून द्या.

आता उपचार. हा आजार मुळासकट जात नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. दोन औषधांची केमो किंवा इम्युनोथेरपी देता येते, त्याने काहींना काही महिने, काहींना त्याहून जास्त मिळतात. या वयात झेपेल का, हे तिची ताकद बघूनच ठरवावं. त्याआधी पाण्याचा बंदोबस्त करा. टाल्कची पूड छातीत घालून आवरणाचे दोन्ही पदर चिकटवता येतात, किंवा बारीक नळी ठेवून पाणी घरच्या घरी काढता येतं. एवढ्यानेच तिला रात्री आडवं होऊन झोपता येईल. दुखणं वाढलं तर मॉर्फिनला घाबरू नका, वेदना शमवणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच भेटून ठेवा.

तिला सांगायचं का? तिने विचारलं तर सांगा. खोटं बोलू नका, पण न विचारता तिच्यापुढे बाबांचं नाव घेऊन बसू नका. आणि सांगाल तेव्हा हेही सांगा, की बाबांनी घरी काही आणलं ते नकळत. कामाचे कपडे कारखान्यातच उतरवायचे, तिथेच धुवायचे, अंघोळ करून घरी जायचं, ही सोय मालकाने करायची असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं ठेवायला सांगितली. तो निकाल मला मोलाचा वाटतो. पण त्या नोंदीत कामगार असतो, त्याचे कपडे धुणारी बाई नसते, हे मला आजही बोचतं.

तुम्हा भावंडांनी घाबरून सारखे स्कॅन करू नका. धाप लागली, छातीत एका बाजूला दुखत राहिलं, तर डॉक्टरांना बाबांचं काम आधी सांगा.

प्रश्न : गावच्या घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. दोन फुटलेत. राहायला धोका आहे का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : या पत्र्यांमध्ये बहुधा पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. साठहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, आपल्याकडे तो अजून आयात होतो. पत्रा धड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात. धोका कापताना, भोक पाडताना, घासताना, फोडताना. फुटलेले दोन्ही पत्रे पाणी मारून, ओले असताना, तुकडे न करता अख्खे उतरवा. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. खाली पडलेला चुरा झाडूने लोटू नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं जाड पिशवीत बांधून ठेवा. मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. आणि काम करणाऱ्याचे कपडे घरात कुणी झटकू नका, बाहेरच उतरवून पाण्यात बुडवा.